न्यूक्लिओसोम सरकला की जीन चालू कसा होतो?

मेघा_एमएस्सी: दुसरं सेम. पुस्तकात एवढंच: 'रिमॉडेलर एटीपी खर्चून न्यूक्लिओसोम सरकवतात.' न्यूक्लिओसोम म्हणजे डीएनए गुंडाळलेले प्रथिनांचे मणी, हे कळलं. बरं, मग? आणि नेमका हवा तोच जीन त्यांना सापडतो कसा?

यीस्टवाला: यीस्टचा एसयूसी२ घ्या. त्यातून इन्व्हर्टेज बनतं, सुक्रोज फोडणारं एन्झाइम. ग्लुकोज भरपूर असेल तर प्रमोटरवर (जीनच्या सुरुवातीचा, तो चालू-बंद करणारा डीएनए) न्यूक्लिओसोम ठाण मांडून असतात: आठ हिस्टोन प्रथिनं, त्यांच्याभोवती १४७ बेसजोड्यांचा डीएनए. ग्लुकोज आटलं की स्वी/स्निफ नावाचं रिमॉडेलर तिथे येतं, डीएनए ओढून न्यूक्लिओसोम सरकवतं, काही उखडूनच टाकतं. टाटा बॉक्स, म्हणजे जीन वाचणारी यंत्रणा जिथे बसते ती जागा, मोकळा, काम सुरू. एसएनएफ२ (स्वी/स्निफचं एटीपी खर्चणारं इंजिन) काढलेलं यीस्ट रॅफिनोजच्या प्लेटवर लावून बघा; ही साखरही इन्व्हर्टेजच फोडतं. शेजारी साधं यीस्ट मस्त पसरलेलं, आणि हे जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढं!

पत्त्याचं म्हणाल तर ॲक्टिव्हेटर प्रथिनं (जीनजवळच्या डीएनएवर बसणारी) स्वी/स्निफला बोलावतात, आणि अ‍ॅसिटिल लागलेल्या हिस्टोन-शेपट्या त्याचा ब्रोमोडोमेन नावाचा भाग धरून ठेवतो. पुस्तकं हे दुसऱ्याच धड्यात टाकतात, का कोण जाणे.

मेघा_एमएस्सी: म्हणजे रिमॉडेलर आला की जीन चालू?

यीस्टवाला: छे! यीस्टचंच आयएसडब्ल्यू२ हे दुसरं रिमॉडेलर न्यूक्लिओसोम प्रमोटरवर सरकवून जीन बंद ठेवतं.

स्लाइडबाई: पॅथॉलॉजीतून थोडं. लहान मुलांच्या ऱ्हॅबडॉइड ट्यूमरमध्ये बहुतेक वेळा माणसातल्या स्वी/स्निफचा एक भाग बनवणारा जीन, एसएमएआरसीबी१, गेलेला असतो. आयएनआय१ स्टेनमध्ये (याच जीनचं प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग देणारा) गाठीतली केंद्रकं निळसर राहतात, बाजूच्या रक्तवाहिनीची मात्र तपकिरी. ती तपकिरी दिसली नाहीत, तर स्टेनच नीट लागला नाही असं धरून आम्ही तो पुन्हा लावतो.