चर्चा : ग्रामीण विदर्भातल्या मुलांनी बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घ्यावे का?

धागाकर्ता (यवतमाळ जिल्हा)

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजात विषय निवडताना आमच्या भागातल्या मुलांना एकच सल्ला मिळतो : इतिहास, राज्यशास्त्र घ्या, भरतीच्या परीक्षेला उपयोगी पडेल. आवश्यक इंग्रजीचा पेपर सर्वांनाच असतो. त्यापलीकडे जाऊन इंग्रजी वाङ्मय घेणारे थोडे, आणि त्यांतलेही अनेक जण ते गाईडवर काढतात. माझे मत असे आहे की हा विषय गावच्या मुलांनी अवश्य घ्यावा, पण तो लिहिण्याचा विषय म्हणून शिकवला जावा.

हे साहित्य आपल्यापासून दूरचे आहे, असे म्हणणाऱ्यांनी इंग्रज कादंबरीकार टॉमस हार्डीची 1891 साली पुस्तकरूपाने आलेली ‘टेस’ पाहावी. घरचा एकुलता घोडा पहाटेच्या अंधारात टपालगाडीच्या धडकेने मरतो, घराची मिळकत थांबते, आणि थोरल्या मुलीला दुसऱ्याच्या दारी जावे लागते. तिचे पुढचे सगळे अरिष्ट तिथून सुरू होते. पुढे हीच मुलगी कडाक्याच्या थंडीत दुसऱ्याच्या वावरात कंदमुळे खणते आणि वाफेच्या मळणीयंत्राच्या वेगाशी दिवसभर हात जुळवत राहते. ऐन पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर घराचे काय होते, हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला ही कादंबरी शहरातल्या मुलापेक्षा अधिक कळायला हवी. प्रत्यक्षात तो ती उघडतच नाही. ‘टेसची शोकांतिका आणि नियती’ या प्रश्नाचे तयार उत्तर तो झेरॉक्सवरून पाठ करतो आणि पास होतो. त्या उत्तरात बैल नसतो, वावर नसते, आणि तो स्वतःही नसतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वाचलेल्या मजकुरावर प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या सत्रापासून स्वतःच्या इंग्रजीत, चुकत का होईना, पान-दोन पाने लिहावीत, शिक्षकांनी ती तपासावीत आणि विद्यार्थ्याने ती पुन्हा लिहावीत. साहित्याचा अभ्यास आणि लेखनाचा सराव यांना वेगळे केले, तर दोन्ही निष्फळ होतात, असे मला ठामपणे वाटते.

एक पालक (दर्यापूर तालुका)

आपली कळकळ समजते, पण मी या मताशी सहमत नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला आहे. जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे सारी शेती पावसाच्या भरवशावर. अशा घरातली मुलगी कॉलेजात जाते तेव्हा त्या तीन-चार वर्षांचा हिशेब घरातले सगळेच मनात करत असतात. इंग्रजी वाङ्मय, मग एम.ए., बी.एड., मग शिक्षक भरतीची वाट पाहणे, आणि शेवटी एखाद्या कॉलेजात तासिका तत्त्वावर काम, हा रस्ता आम्ही शेजारीपाजारी पाहिला आहे.

इंग्रजी हवे, याबद्दल वाद नाही. पीकविम्याच्या अटी, कर्जाची कागदपत्रे, न्यायालयाचा निकाल स्वतः वाचता यावा आणि मुलाखतीत दोन वाक्ये नीट बोलता यावीत, इतके इंग्रजी कॉलेजने आधी द्यावे. हार्डीची पात्रे त्यांच्या भागातल्या बोलीत बोलतात; उताऱ्यातली वाक्ये उतरवून बारावी पास झालेल्या मुलापुढे ते पुस्तक ठेवले, तर तो झेरॉक्सच्या दुकानातच जाणार. त्यात दोष मुलाचा नाही.

इंग्रजीचा अध्यापक (वाशीम जिल्हा)

मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणून दोघांनाही काही सांगावेसे वाटते. मानधन वर्गातल्या तासाचे मिळते, घरी वह्या तपासण्याच्या तासाचे मिळत नाही. हिवाळी परीक्षेच्या सुमारास कापसाची वेचणी असते, आणि निम्मा वर्ग वावरात असतो. पुन्हा लिहून घेणे ही धागाकर्त्यांची सूचना योग्यच आहे. मी ती छोट्या प्रमाणात करून पाहिली आहे, आणि दुसऱ्या खर्ड्यात जे वाक्य येते ते कोणत्याही गाईडमध्ये सापडत नाही. पण ही कामाची वेळ कोणीतरी मोजली पाहिजे.

हार्डीपासून सुरुवात करण्याला मात्र माझा विरोध आहे. आर. के. नारायण यांच्या कथांचे इंग्रजी सरळ आहे. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ 1935 सालची आहे आणि ती सफाई कामगार तरुणाच्या एका दिवसावर बेतलेली आहे. तिच्यावर लिहायला आमच्या मुलांकडे पुष्कळ काही असते. हार्डी तिसऱ्या वर्षी यावा.

माजी विद्यार्थिनी (गडचिरोली जिल्हा)

दर्यापूरच्या काकांना आदरपूर्वक विचारते : अर्ज-कर्जापुरते इंग्रजी गावाला आणि साहित्य नागपूरच्या मुलांना, ही वाटणी कोणी केली? आमच्या जिल्ह्यात 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झाले, ते आम्हाला फक्त अर्ज भरायला शिकवण्यासाठी झाले नाही.

माझा अनुभव नेमका उलटा आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाला, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर अनेक ग्रामसभांना आपले म्हणणे बाहेरच्या लोकांपुढे मांडण्याची गरज पडू लागली, आणि मी ते काम इंग्रजीत करते. कॉलेजात पाठ केलेले पत्रांचे नमुने तिथे एकदाही बसले नाहीत, कारण गावात जे घडते ते नमुन्यासारखे घडत नाही. कोण आधी बोलले, कोण गप्प राहिले, त्याचा परिणाम काय झाला, हे क्रमाने आणि अतिशयोक्ती न करता लिहिणे मी कथांवर लिहिताना शिकले. आमच्या मॅडमनी एकाच कथेवर माझ्याकडून तीनदा लिहून घेतले होते, तेव्हा राग आला होता.

निवृत्त बँक कर्मचारी (अकोला)

मेकॉलेने 1835 मध्ये इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने जे टिपण लिहिले, त्याची री आपण अजून किती काळ ओढणार? आपल्या मुलांना आधी मराठी वाङ्मय मन लावून शिकवा. स्वतःच्या भाषेत एक परिच्छेद न लिहिणाऱ्याकडून इंग्रजी निबंधाची अपेक्षा करणे मला उलट्या क्रमाचे वाटते.

धागाकर्ता

अकोल्याचे काका, मराठी आधी, हे मला मान्य आहे. मराठीऐवजी इंग्रजी असे मी कुठेच म्हटलेले नाही. पण आपल्याच अकोल्यात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने 1883 मध्ये मराठीत आणले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेले महेश एलकुंचवार इंग्रजी साहित्य शिकवत राहिले आणि त्यांनी नाटके लिहिली ती मराठीत, विदर्भातल्या वाड्यांवर आणि माणसांवर. इंग्रजी वाङ्मयाने यांचे मराठी हिरावून घेतले नाही.

वाशीमच्या सरांचा पुस्तकांचा क्रम मी स्वीकारतो. सोप्या गद्यापासून सुरुवात व्हावी हे बरोबर आहे. गडचिरोलीच्या ताईंनी जे लिहिले तेच मला म्हणायचे होते, आणि ते त्यांनी माझ्यापेक्षा नेमके मांडले. दर्यापूरचे काका, पीकविम्याच्या अटी वाचता येणे आवश्यक आहेच; पण दावा नाकारला गेल्यावर तो नकार का चुकीचा आहे हे मुद्देसूद लिहिणारी मुलगी आपल्याला घरात नको आहे का?

एक पालक (दर्यापूर तालुका)

हवी आहे, आणि ताईंचे लिहिणे वाचून मला आनंदच झाला. पण आगरकर आणि एलकुंचवार यांची उदाहरणे मला पटत नाहीत. असामान्य माणसांवरून तालुक्याच्या वर्गाचा हिशेब मांडता येत नाही. ताईंना तीनदा लिहून घेणाऱ्या मॅडम मिळाल्या. वाशीमच्या सरांसारखा माणूस वह्या तपासण्याचे काम बिनपगारी करणार असेल, तर तो किती वर्षे करेल? आमच्या तालुक्यातल्या ज्या कॉलेजात मुलीचा प्रवेश व्हायचा आहे, तिथे इंग्रजीला पूर्णवेळ शिक्षक नाही. तो नेमला जाईपर्यंत मी तिला हा विषय घे असे सांगणार नाही, आणि शेजारच्या घरातही सांगणार नाही.