मालवणच्या प्रवाळांचे फोटो: नोंद की हौस?

खाडीकाठ, नेरुळ: नेरुळ-वाशीच्या फोटोवाल्यांनी नोव्हेंबरात मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळांची फोटो-नोंद करावी, असं घाटतंय. माझा पाठिंबा आहे. एप्रिल २०२४ मध्ये, समुद्र तापल्यामुळे प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. आपल्या किनाऱ्यावर काय होतंय ते दाखवायला त्याच प्रवाळ-वसाहतींचे, त्याच कोनातले फोटो वर्षानुवर्षं लागतील.

भरती-ओहोटी: महिनाच चुकलाय. अरबी समुद्र तापतो एप्रिल-मेमध्ये, प्रवाळ फिके पडले तर तेव्हा दिसतील. नोव्हेंबरात फार तर निरोगी प्रवाळ टिपाल. शिवाय रंगाचं काय? पाच मीटरवरच लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो. प्रवाळ फिका, की कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेला रंगमेळ) फसलेला, हे घरी बसून कोण सांगणार?

खाडीकाठ, नेरुळ: निरोगी स्थितीची नोंद नसेल तर मे महिन्यातला फोटो कशाशी ताडणार? दोन्ही फेऱ्या हव्यात, हे मात्र कबूल. रंगासाठी कोरलवॉच या प्रवाळांचं आरोग्य नोंदवणाऱ्या प्रकल्पाचा तक्ता मिळतो, त्यात १ ते ६ अशा छटा असतात. तो वसाहतीशेजारी धरायचा आणि सर्वांत फिकी व सर्वांत गडद जागा पाण्यातच वाचून पाटीवर लिहायची. दोन पायऱ्यांचा फरक पडला तर दखल घ्यायची. म्हणजे कॅमेऱ्याच्या रंगावर विसंबायला नको. मोजमापासाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची ५० × ५० सेंटीमीटरची चौकट. पाइपला भोकं पाडा, नाहीतर आत हवा राहून ती तरंगते. हाउसिंगची, म्हणजे मोबाइलच्या जलरोधक पेटीची, काच सपाट असेल तर पाण्यात दृश्य आवळतं, म्हणून मोबाइल साधारण पाऊण मीटर वर धरा. फ्लॅश लेन्सला चिकटून नको, दोन्हीकडे लांब हातांवर हवा. नाहीतर गाळाचा कण न् कण चमकून फोटोवर रांगोळी सांडल्यासारखी दिसते.

दांडीवाला: चौकट ठेवणार कुठे? प्रवाळावरच ना! पहिल्यांदा सिलिंडर लावलेला माणूस हातात कॅमेरा आला की श्वासाची लय विसरतो. फुफ्फुसं भरली की वर, रिकामी झाली की खाली, आणि सावरायला पाय मारला की उडालेला गाळ प्रवाळांवर बसतो. बारा जण नेऊन जेवढं वाचेल त्याहून जास्त मोडेल. खरी मोडतोड होड्यांचे नांगर करतात. फेरीचा पैसा वाळूत बसवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला, दोराला आणि वर तरंगणाऱ्या बोयाला घाला. होडी बोयाला बांधली की नांगर टाकायलाच नको. दोराच्या मधोमध छोटा फ्लोट हवा, नाहीतर ढिला दोरच प्रवाळांवर घासत राहतो.

खाडीकाठ, नेरुळ: बोये हवेतच, पण ते परवानगीशिवाय टाकता येत नाहीत आणि दर पावसाळ्याआधी दोर तपासायला कुणीतरी तिथलंच लागतं. माणसं मात्र बारा नकोत, चारच. वाशीतल्या एखाद्या तरणतलावात चौकट तळाला ठेवून तिला स्पर्श न करता पाच मिनिटं तरंगता आलं, तोच येईल.

दांडीवाला: आणि समुद्रात चौकट वाळूवर टेकेल तिथेच ठेवायची, नाहीतर हातात धरायची. होडीवाल्याला नांगर वाळूत टाकायला आधीच सांगा. मग चार चालतील.

भरती-ओहोटी: मेची फेरी पहिल्या पंधरवड्यातच धरा. नंतर पाणी गढूळतं आणि पावसाळ्यासाठी डायव्हिंग बंद होतं.