जिनिंगचा घसारा वर्षावर धरायचा की गाठींवर?

जिनिंगवाला, धरणगाव
दिवाळीच्या आगेमागे कापूस येऊ लागतो, उन्हाळा लागला की जिनिंग थंडावते. पावसाने दगा दिला तर निम्मा हंगामही मिळत नाही. तरी वहीत गाठी बांधायच्या प्रेसचा घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेला खर्च, दरसाल तेवढाच! माझं म्हणणं, तो गाठींवर धरावा.

उदाहरणापुरते आकडे घ्या. प्रेस 42 लाखांची, शेवटी भंगाराचे 2 लाख, आयुष्यभरात 4 लाख गाठी. म्हणजे गाठीमागे 10 रुपये. 30,000 गाठी बांधल्या तर घसारा 3 लाख, 8,000 बांधल्या तर 80 हजार. तोच 15 वर्षांत सारखा वाटला तर दरसाल सुमारे 2 लाख 67 हजार, आणि 8,000 गाठींच्या वर्षी गाठीमागे 33 रुपये पडतात. मग दुसऱ्याच्या गाठी मजुरीवर बांधायचा दर काय सांगायचा?

हिशेबनीस, भुसावळ
दादा, प्राप्तिकरात हे चालत नाही. तिथे यंत्रांना सर्वसाधारण दर 15 टक्के, तोही घटत्या शिलकेवर, म्हणजे दरसाल उरलेल्या किमतीवर. नवी प्रेस त्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच घसारा मिळतो.

जिनिंगवाला, धरणगाव
कराचं गणित वेगळं करा ना. यंत्रांसारख्या मालमत्तेचा हिशेब कसा ठेवायचा ते सांगणाऱ्या लेखा मानक 10 मध्ये उत्पादनावरची पद्धतही दिलेली आहे.

फिटर, चोपडा
अण्णा, बंद प्रेस काय नवी राहते? पावसाळ्यात गंज चढतो, हायड्रॉलिकचे सील कडक होतात. जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राच्या, रोलरचं चामडं चालण्यानेच झिजतं, तिथे तुमचं खरं. पण ते दुरुस्ती खर्चात जातं, घसाऱ्यात नाही. आणि 4 लाख गाठी कोणी ठरवल्या? मंद वर्षी 80 हजारच लावले की नफा फुगलेला दिसेल, भागीदार उचल घेतील, आणि प्रेस बदलायच्या वेळी गल्ल्यात काही नसेल.

दालमिलवाला, जळगाव
आमची मिल जवळपास बारा महिने चालते. कुठलीही पद्धत लावा, फार फरक पडत नाही.

जिनिंगवाला, धरणगाव
फिटरभाऊ, अंदाज दरवर्षी तपासायचाच असतो. 1 लाख गाठी झाल्यावर तुम्ही सांगितलंत की आता आणखी 2 लाखच निघतील, तर उरलेले 30 लाख त्यावर वाटायचे. गाठीमागे 15 रुपये.

हिशेबनीस, भुसावळ
आणि एकही गाठ नाही बांधली तर? या पद्धतीत त्या वर्षाचा घसारा शून्य होऊ शकतो, मानकातच तसं आहे.

फिटर, चोपडा
15 धरा, मला चालेल. पण गंजत पडलेल्या यंत्राला शून्य घसारा मी मानणार नाही.