मुलींच्या विवाहाचे वय २१ : ध्रुवतारा यांच्या मताला उत्तर

रानजाई :
ध्रुवतारा यांनी काल असे लिहिले की मुलींच्या विवाहाचे किमान वय १८ वरून २१ करणारे २०२१ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यामुळे बारगळले, हा मुलींचा विश्वासघात आहे, आणि त्याला विरोध करणारे सगळे मुलींना चुलीपाशी डांबून ठेवू पाहणारे आहेत. हे शेवटचे वाक्य वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. मी माध्यमिक शाळेत शिकवते, पटावरून एकेक मुलगी लग्नापायी गळताना पाहते, आणि तरीही मी त्या विधेयकाच्या विरोधात आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या नववीतल्या एका मुलीचे लग्न ठरले होते. कोणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवले. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस दारात आले, मांडव उतरवला गेला, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र वडिलांकडून लिहून घेतले गेले आणि सगळे परतले. पुढच्याच आठवड्यात मामाच्या गावी, देवळात, रात्री तिचे लग्न लागले. जूनमध्ये तिचा भाऊ शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला, तेव्हा दाखल्यावर ‘कारण’ या रकान्यात काय लिहायचे हे त्याने मला विचारले. त्या हमीपत्रावर अठराच्या जागी एकवीस लिहिलेले असते तर नेमके काय बदलले असते, हे ध्रुवतारा यांनी सांगावे.

अठरा हा आकडा कायद्यात १९७८ पासून आहे. त्याला पाव शतक उलटल्यावर, २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २० ते २४ वयोगटातील ४७.४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २३.३ टक्क्यांवर आले, आणि मधल्या काळात वयाचा आकडा एका दिवसानेही वाढलेला नव्हता. मुली दहावी-बारावीपर्यंत टिकू लागल्या म्हणून लग्ने लांबली, असे माझे मत आहे.

ध्रुवतारा :
ताई, आपण एका मुलीची हकीकत सांगून साऱ्या देशाचा निष्कर्ष काढला आहे. शिवाय आपण दिलेल्या आकड्यांच्या मध्येच २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा येतो, हे आपण सोयीस्करपणे वगळले. कायदा कडक झाला आणि प्रमाण निम्म्यावर आले, असे मीही म्हणू शकतो.

समाज तयार नाही, हे कारण प्रत्येक पिढीत पुढे केले गेले आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना १८८७ साली न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सुनावले. १८९१ मध्ये मुलीशी शरीरसंबंधासाठीचे संमतीवय अवघे दहावरून बारा करताना लोकमान्य टिळकांसारखा नेता विरोधात उभा राहिला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी चौदा वर्षे ठरवली, तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झालीच. त्या प्रत्येक वेळी ‘आधी समाज सुधारू द्या’ म्हणणाऱ्यांचे ऐकले असते, तर आज आपण नववीतल्या मुलीच्या लग्नाबद्दल हळहळत नसतो, ते सर्वमान्यच असते.

आणि अनुभवच मोजायचे असतील तर माझाही घ्या. माझ्या बहिणीला अठरा पूर्ण झाल्यावर तिसऱ्या महिन्यात बोहल्यावर उभे केले. ती बारावीत वर्गात पहिली होती. वडील घरात कॅलेंडर बघत बसले होते. अठरा भरले की कायदा आपले काही करू शकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तोच आकडा एकवीस असता तर ती पदवीधर झाली असती. तिच्यासाठी मी हे लिहितो, आणि म्हणून आपल्या विरोधाची मला चीड येते.

रानजाई :
आपल्या बहिणीबद्दल मला मनापासून वाईट वाटते, परंतु तिला न विचारता तिचे लग्न लावणे हा तिच्यावरचा अन्याय होता, आणि तो एकविसाव्या वर्षीही तितकाच अन्याय ठरला असता. वीस वर्षांच्या मुलीला मत देता येते, नोकरीचा करार करता येतो; तिने आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न केले तर मात्र त्या लग्नाला बालविवाह म्हणायचे, हे मला मान्य नाही. मुलगी पळून गेली की पहिली तक्रार कोण करते? तिचे वडीलच, आणि बहुतेकदा जात वेगळी असल्यामुळे. आज अठरा पूर्ण झालेली मुलगी पोलीस ठाण्यात ताठ उभी राहून ‘मी माझ्या मर्जीने आले’ म्हणू शकते. तिच्या हातातून आपण ते वाक्यच काढून घेणार आहात. मुलांच्या एकवीस वर्षांशी समानताच हवी असेल तर विधी आयोगाने २००८ मध्येच मुलगा आणि मुलगी दोघांसाठी अठरा वर्षे सुचवली होती.

काळी माती :
दोघेही कायद्याच्या कलमांवर भांडत आहात, म्हणून मध्ये पडतो. माझे आईवडील ऊसतोडीला जात होते. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. पोराचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता उभा राहतो, त्याची वेगळी उचल मिळते आणि मागच्या वर्षीचे फिटते. मुलीच्या बापाचा हिशेब वेगळा असतो. दिवाळीच्या सुमारास घर बंद करून पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यावर जायचे, तर तेरा-चौदा वर्षांची पोर कुणाजवळ ठेवायची? गावात ठेवली तर म्हातारी आजी तिला सांभाळणार की ती आजीला? फडात नेली तर पालाला दार नसते, पहाटे अंधारात संडासला उघड्यावर जावे लागते, आणि काही बरेवाईट झाले तर बोट तिच्याकडेच दाखवतात. माझ्या बापाने माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न तिच्या पंधराव्या वर्षी लावले, ते भीतीपोटी. मी त्याचे समर्थन करत नाही. तिचे पहिले मूल जगले नाही आणि ती आजही कंबरेने अधू आहे. परंतु २०१९-२१ च्या सर्वेक्षणात बीड-परभणीत बालविवाहांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर का निघाले, हे ज्यांना समजून घ्यायचे नाही त्यांनी आमच्या बापांना निर्दय ठरवू नये.

ध्रुवतारा :
मी कोणालाही निर्दय म्हटलेले नाही. भीती खरी असेल, परंतु पंधराव्या वर्षी लग्न लावल्याने ती मुलगी सुरक्षित झाली का? आपणच सांगितले की झाली नाही. मग कायद्याने त्या बापाचा हात धरणे हेच तिच्या हिताचे होते. अठराच्या आतील पत्नीशी संबंध हा बलात्कार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितले आणि आता ते नव्या न्याय संहितेतही आले आहे. मोजक्या नवऱ्यांना खरोखर शिक्षा झाली तर बाकीचे वठणीवर येतील.

शुभ्रा :
मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात परिचारिका आहे. ‘मोजक्या नवऱ्यांना शिक्षा झाली तर’ हे वाक्य लिहिणे सोपे आहे. त्याचा परिणाम आमच्या दारात कसा दिसतो ते सांगते. पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार अठराच्या आतील गर्भवती आली की पोलिसांना कळवणे आम्हाला बंधनकारक आहे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतची कैद होऊ शकते. हे आता गावोगाव माहीत झाले आहे. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीला तिची सासू एकोणीस वर्षांची म्हणून नोंदवते, किंवा तिसऱ्या महिन्यात नोंदवायची ती थेट कळा सुरू झाल्यावर आणते. आधार कार्ड मागितले की घरी राहिल्याचे सांगतात. मुलीच्या हिमोग्लोबिनचा आकडा सहाच्या घरात, पायांवर सूज, रक्तदाब वाढलेला, आणि हातात तपासणीचा एकही कागद नाही. कोवळ्या वयात कटीभाग पुरता वाढलेला नसतो, म्हणून बाळ अडते. रक्त आधीच कमी, म्हणून थोड्याशा रक्तस्रावानेही जीव धोक्यात येतो. ज्या बाळंतिणीला सर्वाधिक तपासण्यांची गरज, तीच आमच्यापासून लपवली जाते, आणि ती आपल्या कडक कायद्याच्या धाकाने लपवली जाते.

ध्रुवतारा :
मला हे वाचून धक्का बसला. आपण शासकीय सेवेत राहून गुन्हा दडवण्याची वकिली करत आहात. कळवण्याचे बंधन काढले, तर चाळिशीतला माणूस पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन येईल, ‘बायको आहे’ म्हणून सांगेल आणि बाळंतपण उरकून घेऊन जाईल. त्या मुलीला बाहेर काढण्याची एकमेव संधी रुग्णालयात असते. तीही आपण बंद करणार?

शुभ्रा :
वकिलीचा आरोप माघारी घ्यावा. मी आजवर एकही प्रकरण दडवलेले नाही. प्रत्येक वेळी कळवले आहे, आणि त्यानंतर काय होते तेही पाहिले आहे. एका मुलीचा जबाब घ्यायला पोलीस आले तेव्हा तिला टाके घालून काही तासच झाले होते. नवऱ्याला नेले, सासरने तिला घरात घेतले नाही, माहेराने ‘आम्हाला गुंतवशील’ म्हणून दार लावले, आणि बाळासह ती बाल कल्याण समितीमार्फत संस्थेत गेली. लग्न लावणारे दोन्हीकडचे वडीलधारे मात्र जामिनावर घरी होते. आपल्याला ही सुटका वाटत असेल, तर तिला जाऊन विचारा.

तुमच्या चाळिशीतल्या माणसाचे उदाहरण मला मान्य आहे. असा माणूस आला तर मी स्वतः दाराला कडी लावून पोलिसांना बोलावीन. परंतु माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींचे नवरे एकोणीस-वीस वर्षांचे असतात, त्यांनाही कोणी विचारलेले नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या प्रकरणात, तिने व पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही असे म्हटले. तो दिलासा गर्भपातापुरता आहे; जिला मूल जन्माला घालायचे आहे तिला तो मिळत नाही. आसाममध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये जुन्या लग्नांवरून हजारोंना अटक झाली, तेव्हा बायका लेकरे घेऊन पोलीस ठाण्यांसमोर रडत बसल्या होत्या. हाच मार्ग आपल्याला इथे हवा आहे का, याचे उत्तर आधी द्या आणि मग मला कर्तव्य शिकवा.

गोदाकाठ :
मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. या चर्चेत माझ्या जुन्या पदाचा उल्लेख ‘आले आणि परतले’ एवढाच झाला, म्हणून लिहितो. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, घरकुलांच्या याद्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामसभा, आणि त्यात हेही. ज्या सरपंचाच्या सहीशिवाय ग्रामपंचायतीचा धनादेश निघत नाही, त्याच्याच पुतणीच्या मांडवात जाऊन मी लग्न थांबवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात काम करायचे, अशी अपेक्षा होती. माझ्यावर दबाव आला, मी अनेकदा हमीपत्रावर भागवले, हे नाकारत नाही.

परंतु एक गोष्ट येथे कोणीच बोलले नाही. बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ नुसार न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो मोडून लावलेले लग्न कलम १४ नुसार मुळातच रद्दबातल ठरते. हमीपत्राला असा काही अर्थ नाही. तो वहीत लावायचा कागद आहे. रानजाई यांच्या विद्यार्थिनीसाठी त्याच दिवशी मनाई हुकूम घेतला असता, तर मामाच्या गावचे लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच ठरले नसते. हुकूम घ्यायला तालुक्याला जायचे, अर्ज करायचा, वकील नाही, आणि लग्न संध्याकाळी असते. म्हणून तो घेतला जात नाही. तहसील कार्यालयात यासाठी एक स्वतंत्र माणूस बसवा, ज्याला गावात राहायचे नाही. वय अठरा ठेवा की एकवीस, मला फरक पडत नाही.

ध्रुवतारा :
मनाई हुकुमाचा मुद्दा मला पटला, आणि तो विधेयकाच्या आड येत नाही हे नोंदवतो. शुभ्रा ताई, ‘वकिली’ हा शब्द मी मागे घेतो. कळवण्याचे बंधन असावे हे मात्र मागे घेत नाही. आपण सर्वांनी त्या विधेयकावर एवढी टीका केली, तर त्यातील एक तरतूद कबूल करा : बालपणी झालेले लग्न रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यापासून आज दोनच वर्षे मिळतात, म्हणजे मुलगी विसाव्या वर्षी त्या हक्काला मुकते. विधेयकाने ती मुदत पाच वर्षे केली होती.

रानजाई :
ही तरतूद चांगली होती, हे मी कबूल करते, आणि ती एकवीसच्या आकड्याला बांधून का ठेवली याचा मला राग आहे. विसाव्या वर्षी कडेवर मूल असलेली मुलगी जिल्हा न्यायालयात कशाच्या बळावर जाईल? तेविसाव्या वर्षापर्यंत कदाचित जाईल. तेवढीच दुरुस्ती वेगळी आणावी, मी स्वतः सह्या गोळा करते. एकवीसबद्दल माझे मत आहे तेच आहे.

काळी माती :
सह्या गोळा करणार असाल तर त्यात आमचीही एक मागणी घाला. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर होते, पण टोळ्या निघून गेल्यावर. तोवर मुली एकतर फडात पोचलेल्या असतात किंवा सासरी. गाड्या भरण्याच्या आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आठवीच्या पुढच्या मुलींसाठी दाराला कडी असलेले आणि बाई अधीक्षक असलेले वसतिगृह तालुक्यात सुरू हवे. माझ्या धाकट्या चुलतभावाची मुलगी यंदा आठवीत आहे, आणि त्याने उचल घेतली आहे.