मदत हवी आहे: न ठरवता झालेल्या अभ्यासाची नोंद कशी ठेवता?

नमस्कार, आम्ही नेरूळला राहतो, मुलगी आठ वर्षांची, घरीच शिकवतो. टाइमटेबल आहे पण खरी मजा येते ती टाइमटेबल बाजूला पडतं तेव्हाच. परवा भाजी आणायला निघालो तर डीपीएस तलावात फ्लेमिंगो, आणि हिचा प्रश्न की काल याच वेळेला नव्हते मग आज कसे? घरी येऊन भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या, भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी इकडे येतात, हे तिनेच जुळवलं! त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो हे कळल्यावर तर गणिताची वही उघडलीच नाही, आणि मला ते अजिबात चुकीचं वाटत नाही.

पण सासूबाईंनी विचारलं आज काय शिकली, की दाखवायला काहीच नसतं. पुढे एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) बी लेव्हल, म्हणजे पाचवीची, द्यायचीय. तुम्ही हे सगळं कसं टिपून ठेवता, फोटो, डायरी, व्हॉइस नोट? तिला लिही म्हटलं की उत्साहच जातो हो. आणि ऐरोली-ठाण्याचं कोणी असेल तर ओहोटीच्या वेळी मुलांना घेऊन खाडीवर एकत्र जाऊया का?