मदत हवी आहे: आईला हाडं बांधणारं रोजचं इंजेक्शन सुरू करावं का? (सोमवारपर्यंत सांगायचंय)

वैतागलेली_लेक
लांबड लावत नाही. आई ७०. मणक्याची दोन हाडं दबलीत, डी१२ आणि एल१. पडली वगैरे काही नाही, गादी सरकवायला वाकली तेवढंच. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला तर मणक्याचा टी स्कोअर -३.८, म्हणजे हाडं फारच ठिसूळ. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइड सांगितलंय, रोज एक असं २ वर्षं, पोटाला नाहीतर मांडीला घरीच टोचायचं. आई म्हणते रोज सुई नको, भाऊ म्हणतो त्याने हाडाचा कॅन्सर होतो मी नेटवर वाचलंय, आणि मधे मी. सोमवारी हो की नाही सांगायचंय. कोणी घेतलंय का, फायदा झाला का एवढंच सांगा. प्लीज लवकर.

निवांत_नाना
आमच्या हिने पूर्ण २४ महिने घेतलंय, त्यामुळे अनुभवाने सांगतो. सुईची भीती पहिला आठवडाच, इन्सुलिनच्या पेनसारखंच असतं ते, सुई केसाएवढी. सुरुवातीला टोचून लगेच उठली की गरगरायचं, मग रात्री पलंगावर बसूनच घ्यायची आणि तशीच आडवी व्हायची. अधूनमधून पायात गोळे यायचे. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं पण फ्रीझरमध्ये नाही, आणि २८ दिवस झाले की आत औषध दिसत असलं तरी टाकून द्यायचं (आम्ही पहिलं पेन कंजूषपणा करून ३५ दिवस वापरलं, डॉक्टर चिडले). दोन वर्षांत नवीन फ्रॅक्चर नाही. घ्या बिनधास्त.

खडूस_वाचक
बिनधास्त कसं काय नाना? लेकबाई, आधी हे सांगा. रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज झालंय का? कधी रेडिएशन घेतलंय? मुतखडा? स्टिरॉइडच्या गोळ्या? आणि याआधी हाडांसाठी काय काय घेतलंय? हे नसताना हो म्हणा किंवा नको म्हणा दोन्ही अंदाजपंचे.

कोवळं_ऊन
इतकी जड औषधं कशाला? रोज सकाळी अर्धा तास उन्हात बसवा आणि कॅल्शियमची गोळी द्या. माझी आत्या ८६ ची आहे, आयुष्यात एक इंजेक्शन नाही, अजून दोन जिने चढते.

खडूस_वाचक
आत्याबाईंना नमस्कार, पण त्यांचा मणका दबलाय का? कॅल्शियम आणि डी म्हणजे विटा-सिमेंट. ते लागतंच, टेरि चालू असतानाही लागतं. पण गवंडी कामावर नसेल तर विटा नुसत्या पडून राहतात. -३.८ आणि वर दोन फ्रॅक्चर, हे उन्हाने भरून येत नाही.

सलाईनवाली
मी तर म्हणेन रोजची कटकटच नको. मी झोलेड्रोनिक ॲसिड घेते, वर्षातून एकदा सलाईनमधून, झालं काम. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आणि सगळं अंग ठणकलं, नंतरच्या वर्षी काहीच नाही. फक्त किडनी चांगली लागते आणि दाताचं मोठं काम असेल तर आधी उरकून घ्यायचं.

निवांत_नाना
अहो ताई, ते वेगळं. ते हाड झिजवणाऱ्या पेशींना थांबवतं, नवीन हाड बांधत नाही. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं की इतकं पोखरलेलं असेल तर आधी बांधून घ्या, मग कुलूप लावा. तुमचं कुलूप आधी लागलंय.

सलाईनवाली
माझं जे लागलंय ते माझ्या डॉक्टरांनी लावलंय, आणि मला फ्रॅक्चर नव्हतं. तुम्ही प्रत्येक धाग्यावर टेरिची जाहिरात का करता तेच कळत नाही.

जुनाट_विद्यार्थी
कॅन्सरचं सांगतो, कारण भावाने अर्धंच वाचलंय. उंदरांना खूप मोठे डोस जवळजवळ आयुष्यभर दिले तेव्हा हाडाचा कॅन्सर दिसला होता, म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली तीच ठळक इशाऱ्यासकट. नंतर इतकी वर्षं माणसांत तसं वाढलेलं प्रमाण दिसलं नाही आणि २०२० मध्ये तो चौकटीतला इशारा काढला. तरी ज्यांच्या हाडांवर रेडिएशन झालंय किंवा पॅजेटचा (हाडांची घडण बिघडवणारा) आजार आहे त्यांना सहसा देत नाहीत. माझ्या मावशीचं याच कारणाने नाही म्हणाले, छातीवर रेडिएशन झालं होतं. उपयोगाचं म्हणाल तर २०१८ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली, दोन वर्षांत मणक्याचं नवीन फ्रॅक्चर रिसेड्रोनेटच्या (झीज थांबवणाऱ्या) गोळीवाल्यांत १२ टक्क्यांना आणि टेरिवाल्यांत ५.४ टक्क्यांना.
तिसरा पर्याय रोमोसोझुमॅब, हेही हाड बांधणारं इंजेक्शन. महिन्यातून एकदाच, एका वेळी दोन सुया, १२ महिने. पण वर्षभरात हार्ट ॲटॅक किंवा स्ट्रोक झाला असेल तर नाही.

वैतागलेली_लेक
बापरे किती प्रश्न. मी फक्त फायदा झाला का विचारलं होतं! असो. कॅल्शियम, किडनी ठीक. डी कमी होतं, ते चालू केलंय. पीटीएच माहीत नाही. रेडिएशन नाही, स्टिरॉइड नाही, हार्टचं बाबांना होतं आईला नाही. आधी सहा महिन्यातून एकदा एक इंजेक्शन घ्यायची, दुसऱ्या डॉक्टरांकडे, चार झाली असतील. मग बाबांच्या आजारपणात ते राहूनच गेलं, तिचीही काही तक्रार नव्हती. पण ते जुनं झालं, मी आताच्याबद्दल विचारतेय.

खडूस_वाचक
थांबा थांबा. सहा महिन्यातून एकदा म्हणजे डेनोसुमॅब, हाडाची झीज दाबून ठेवणारं? ६० मिलिग्रॅम, दंडात वगैरे? शेवटचं कधी झालं? आणि हे आताच्या डॉक्टरांना सांगितलंय का??

वैतागलेली_लेक
हो तेच नाव असावं. त्यांनी विचारलं होतं काही गोळ्या चालू आहेत का, आम्ही नाही म्हटलं. गोळ्या नव्हत्याच ना.

खडूस_वाचक
अहो तुमच्या सगळ्या धाग्यातलं हेच महत्त्वाचं आहे. ते औषध हाडात साठून राहत नाही. सहा महिने सरले, पुढचा डोस नाही मिळाला की दाबून ठेवलेली झीज एकदम उसळी मारते, आधीपेक्षाही जोरात, आणि काही जणांचे एकापेक्षा जास्त मणके पाठोपाठ दबतात. गादी सरकवताना दोन गेले त्याचं कारण हे असू शकतं. असू शकतं म्हणतोय, मी डॉक्टर नाही.
दुसरं, डेनोसुमॅबवरून थेट टेरिवर नेलेल्या बायकांची हाडं सुरुवातीला उलट घटलेली दिसलीत, मनगटाची तर घटतच गेली. ते लगेच औषध बदललेल्यांचं होतं, तुमच्याकडे मधे खंड पडलाय, म्हणून टेरि चुकीचंच असं मी म्हणणार नाही. पण आधी काय आणि मागून काय हा हिशोब डॉक्टरांना ही तारीख कळल्याशिवाय होणार कसा? सोमवारची वाट बघू नका, उद्या फोन करा. जमलं तर एन्डोक्रायनॉलॉजिस्टचंही (हार्मोन्सच्या डॉक्टरांचं) मत घ्या.

निवांत_नाना
आता माझीच झोप उडाली. हिचं टेरि संपल्यावर हेच सहा महिन्यांचं चालू केलंय. थांबवलं तर असं होतं हे आम्हाला कोणी बोललं नाही.

खडूस_वाचक
थांबवूच नये असं नाही नाना. थांबवायचं तर मागून दुसरं काहीतरी देतात, बहुतेक सलाईनवालं. तारीख मात्र चुकवू नका.

सलाईनवाली
म्हणजे शेवटी माझंच सलाईन 😄

कोवळं_ऊन
बघा, एक औषध सुरू केलं की दुसरं मागे लागतंच. म्हणून मी म्हणत होते ऊन.

वैतागलेली_लेक
जुनी फाइल बाबांच्या कागदांत सापडली. शेवटचं इंजेक्शन १३ महिन्यांपूर्वी. आईची पाठ धरली तेव्हा १० महिने झाले होते. डॉक्टरांना फोन केला, थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले फाइल घेऊन उद्याच या, तोवर काही सुरू करू नका, आणि अजून एक रक्ताची तपासणी लिहून दिली, हाड किती वेगाने झिजतंय ते कळतं म्हणे. भाऊ अजून कॅन्सरवरच अडकलाय, त्याला जुनाट_विद्यार्थी यांचा प्रतिसाद पाठवला. आई म्हणते चार घेतली तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर पाचवं मी रिक्षा करून एकटी जाऊन घेऊन आले असते.

नवीन_सभासद४
माझा टी स्कोअर -१.९ आहे, वय ५२, मी यातलं कुठलं इंजेक्शन घेऊ?

खडूस_वाचक
नवीन धागा काढा. आणि आधीचं सगळं लिहा.