गिटार अ‍ॅम्पचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कानाला टोचतो

प्रश्न: १२ इंची स्पीकरच्या बरोबर मधोमध, जाळीला टेकवून शुअर एसएम५७ माइक लावलाय. खोलीत आवाज भरदार, रेकॉर्डिंगमध्ये किरकिरा. ईक्यूने (सूर-पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलने) ट्रेबल, म्हणजे तीक्ष्ण आवाज, किती कापू?

उत्तर १: ईक्यू नंतर, आधी माइक हलवा. स्पीकरच्या मधल्या गोल टोपीसमोर ट्रेबल सर्वात जास्त असतो. टॉर्च मारून जाळीमागची टोपीची कड शोधा, माइक तिथे आणा आणि हेडफोनवर ऐकत एकेक सेंटीमीटर बाहेर सरकवा.

उत्तर २: माइक नुसता मागे घेऊ नका. ५-६ सेंमी अंतरावर प्रॉक्सिमिटी इफेक्ट (माइक जवळ असल्याने वाढणारा बास) कमी होऊन बास घटेल, किरकिर मात्र राहीलच.

उत्तर ३: सोबत रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणारा) जोडलात तर दोन्हींच्या कॅप्सूल (आवाज टिपणारे भाग) स्पीकरपासून समान अंतरावर हव्यात, नाहीतर आवाज पोकळ होतो. एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटवा, एक माइक थोडा-थोडा सरकवत आवाज सर्वात पातळ होईल तिथे माइक पक्का करा, मग पोलॅरिटी पूर्ववत करा. पॅसिव्ह (बाहेरच्या विजेशिवाय चालणाऱ्या) रिबनला फँटम पॉवर (केबलमधून माइकला दिली जाणारी वीज) कृपया देऊ नका.